पाव आटा

माझ्या मोटरसायकलचं नाव काय, असं कोणी विचारलं की मी विषय बदलतो. चेसिस एका कंपनीची, इंजिन दुसऱ्या कंपनीचं, टाकी तिसरीच, आणि मागचं मडगार्ड जगातल्या कुठल्याच कंपनीचं नाही, ते कोल्हापूरच्या वाय. पी. पोवार नगरातल्या एका शेडमध्ये पत्रा ठोकून जन्माला आलं. नंबरप्लेट नाही, हेडलाइट नाही, हॉर्न नाही. आरटीओच्या लेखी ही गाडी अस्तित्वातच नाही. आईच्या लेखी मात्र ती आहे आणि भरपूर आहे, कारण ती तुळशीशेजारी उभी असते आणि ऑइल गाळते.

जुन्या मोटोक्रॉस, म्हणजे मातीतल्या शर्यतीच्या, गाड्या म्हटलं की जाणकारांच्या डोळ्यांसमोर झेकोस्लोव्हाकियाची सीझेड नाहीतर स्वीडनची हुस्कवर्ना येते. आमच्याही येते, पण फोटोतली. ती इथे कोण आणून देणार? तेव्हा आमच्या थोरल्या पिढीनं तोड काढली. रस्त्यावरचीच टू-स्ट्रोक घ्यायची. कुणा दूधवाल्याची येझदी, कुणा साहेबाची राजदूत, कॉलेजच्या पोराची आरएक्स १००. दिवे काढायचे, स्टँड काढायचं, हँडल रुंद टाकायचं, सायलेन्सर उचलून वर घ्यायचा, बटण टायर चढवायचे आणि मातीत घालायची. त्यांनी हे केलं कारण तेव्हा त्या गाड्या होत्या. आम्ही करतो कारण आता त्या नाहीत. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, आरएक्स १०० बनायची थांबली तीही त्याच साली. आता धड आरएक्सची किंमत विचारली की मालक आधी आपल्या चपलांकडे बघतो आणि मगच तोंड उघडतो. म्हणून माझी ही तीन घरची सोयरीक.

अधूनमधून एखाद्या रविवारी आम्ही मंडळी गावाबाहेरच्या एका जुन्या मुरमाच्या खाणीत जमतो. खाण एका मित्राच्या मेहुण्याची, परवानगी रीतसर, आजूबाजूला ऊस. बक्षीस नाही, नंबर नाही, पावती नाही. आम्ही त्याला मीट म्हणतो. बायको त्याला मुरूम म्हणते. “या रविवारी मुरूम आहे का?” एवढंच विचारते आणि धुण्याचा साबण जास्तीचा आणून ठेवते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हे लोक दिवसभर गाड्या उडवत असतील. उडवतात, पण घटकाभर. बाकीचा दिवस एका पितळी स्क्रूभोवती जातो.

पेट्रोल आणि हवा कालवतो तो कार्बोरेटर, त्याच्या कडेला एअर स्क्रू असतो. तो पूर्ण आत पिळायचा, मग साधारण दीड आटा, म्हणजे दीड फेरा, बाहेर काढायचा, हा पाया. तिथून आत घेतला की हवा कमी, म्हणजे पेट्रोल भारी. बाहेर काढला की उलटं. पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे, संपलं शास्त्र. शिवाय हा स्क्रू बोलतो तो फक्त मूठ जेमतेम पिळलेली असेपर्यंत. पुढे कार्बोरेटरच्या आतल्या सुईचं राज्य लागतं, आणि मूठ पूर्ण पिळली की मेन जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या मुख्य भोकाचं. म्हणजे फुल्ल रेसमध्ये गाडी मिस मारत असेल तर एअर स्क्रूला हात लावून काडीचा फरक पडत नाही. मी हे सगळ्यांना सांगतो. सगळे शांतपणे ऐकून घेतात आणि एअर स्क्रूला हात लावतात. त्यांचंही बरोबर आहे. मेन जेट बदलायचा तर खालचा बाउल उघडावा लागतो, पेट्रोल कोपरापर्यंत ओघळतं, जेट मुरमात पडला तर तो पुढच्या उत्खननातच सापडायचा. एअर स्क्रू बाहेरून दिसतो, आणि स्क्रू ड्रायव्हर प्रत्येकाच्या खिशात असतो.

खासबागेत कुस्ती बघायला बसलेला प्रत्येक माणूस मनातल्या मनात पट काढत असतो, तसं इथं प्रत्येक जण मनातल्या मनात माझा स्क्रू पिळत असतो. फरक इतकाच, की खासबागेत कोणी आखाड्यात उतरून पैलवानाचा पाय स्वतः ओढत नाही.

छळ म्हणा, पीडा म्हणा, हिची सुरुवात मात्र शुक्रवारी रात्री स्वयंपाकघरात होते. टू-स्ट्रोकला पोटात वेगळं ऑइल नसतं. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमधून फिरतं, मग वर जळायला जातं, त्यामुळे वाटेतल्या बेअरिंगांना वंगण मिळायचं तर ते पेट्रोलमध्येच कालवून द्यावं लागतं. वीसास एक हे आमचं प्रमाण, म्हणजे लिटरला ५० मिली. घरात मिली मोजणारी एकच वस्तू, खोकल्याच्या औषधाचं टोपण. दहा मिलीचं. लिटरला पाच टोपणं, कॅनभर म्हणजे बरीच टोपणं. मी मोजत असताना कोणी बोलायचं नाही, असा घरात नियम केला. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांना महत्त्वाचं ते त्याच वेळी आठवतं. गॅसचा नंबर लावायचा राहिलाय. आत्याच्या नातवाचं बारसं आहे. सतरावं टोपण होतं की अठरावं?

यात आणखी एक गोम आहे. ऑइल जास्त पडलं तर इंजिन सुखी, असं सगळ्यांना वाटतं. पण टाकीतल्या लिटरभरात ऑइल वाढलं म्हणजे पेट्रोल तेवढं घटलं. जेटमधून जाणारा द्रव तेवढाच, त्यात पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण हलकं, म्हणजे गाडी उलट तापणार. हे मी एकदा मित्रांना समजावून सांगितलं. एक जण म्हणाला, “मग ऑइलच घालू नगंस.” तेव्हापासून मी गप्प टोपणं मोजतो.

शनिवारी उद्यमनगर. मामांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, तीत एक लेथ, एक ग्राइंडर आणि मामांचा एक कान. दुसरा आयुष्यभराच्या पॉवरप्रेसनी नेलाय. म्हादबा मेस्त्रींसारख्या नामांकित कारागिराच्या गावात मेस्त्री लोकांना पुस्तकाचं भय नसतं. मी ऑनलाइन मागवलेलं फट मोजायचं फिलर गेज मोठ्या प्रेमानं मामांपुढे ठेवलं; ठिणगीच्या पॉइंटचा गॅप दशांश चार मिलिमीटर असावा म्हणून. मामांनी त्याची पानं उलटसुलट करून बघितली, एका पानानं दाढेतली सुपारी काढली आणि गेज पुसून परत दिलं. मग वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा फाडून पॉइंटमध्ये घातला, ओढून बघितला, म्हणाले, “बसला.” मी चोरून गेज लावून पाहिलं. दशांश चार. सुपारीसकट.

मामांनी माझ्या गाडीला एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे फुगीर पोटाचा सायलेन्सर, बनवून दिलाय. पत्र्याचे शंकू कापून, वळवून, गॅस वेल्डिंगनं जोडून. लांबून बघितलं तर अजगरानं शेळी गिळल्यासारखा दिसतो, आणि कामही तसंच आडमाप करतो. पहिला शंकू रुंदावत जातो, तो जळका धूर ओढून घेतो. पुढचा निमुळता होतो, तिथून दाबाची लाट माघारी फिरते आणि सिलेंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत रेटते. पत्र्याच्या आकारानंच झडपेचं काम होतं. ही विद्या वॉल्टर काडेन नावाच्या माणसानं १९५०च्या दशकात पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीत पक्की केली. हे मला आप्पांनी सांगितलं.

आप्पा फौंड्रीतून निवृत्त झालेले. त्यांना मोटरसायकलच्या जगाचा इतिहास तोंडपाठ, आणि तो सांगायची त्यांची वेळ ठरलेली: समोरचा माणूस हात गुंतून अडकलेला असतो तेव्हा. चेंबरचं वेल्डिंग चालू असताना मी दोन्ही हातांनी पत्रा धरून उभा, मामांच्या डोळ्यांवर काळी काच, आणि आप्पा सुरू झाले. “१९६१ साली एमझेडचा रायडर, अर्न्स्ट डेगनर, स्वीडनच्या शर्यतीतून पळाला. घरदार सोडून. डोक्यात काडेनची सगळी विद्या. गेला तो सुझुकीकडं. आन् फुडच्याच वर्षी ५० सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीला!”

मामांनी टॉर्च बंद केला, काच वर सारली. “एवढ्यासाठी पळाला?”

“मग!”

“पत्रा आणून दिला असता तर आमीच करून दिलं असतं की.” काच खाली.

त्याच संध्याकाळी मामांनी गाडी सुरू केली. एका किकमध्ये. हे लक्षात ठेवा, कारण शनिवारी संध्याकाळी उद्यमनगरात माझी गाडी नेहमीच एका किकमध्ये सुरू होते. फटफटाट नाही, मिस नाही, मूठ पिळली की कसा आवाज फुटतो! शेजारच्या शेडमधला पोरगा टॅप थांबवून बघायला आला. मामांनी कान वाकडा करून एअर स्क्रू किंचित फिरवला, थांबले, परत तेवढाच उलटा फिरवला आणि म्हणाले, “आता ह्याला कुणी हात लावायचा न्हाई.”

रविवारी पहाटे छोट्या हत्तीत गाडी चढवली. दोरानं बांधली. हॅलोजनच्या उजेडात मिसळीची तर्री घशाखाली गेली तेव्हा टेम्पोवाला, मी आणि शेजारच्या टेबलवरचा अनोळखी पावणा अशी गाडीवर चर्चा सुरू झालेली होती. पावण्यानं जाता जाता टेम्पोत डोकावून सांगितलं, “आटा थोडा आत पायजे.” इंजिन बंद होतं. आवाज न ऐकता, टेम्पोच्या फळीआडून, अंधारात, एका माणसानं निदान केलं. मला आदरच वाटला.

खाणीवर पोचलो तेव्हा उसाच्या पातीवर दव होतं. आणि इथं हवामान मध्ये येतं. थंड हवा घट्ट असते, तीत ऑक्सिजन जास्त, म्हणून सकाळी गाडीला पेट्रोल जास्त लागतं. उन्हं चढली की हवा पातळ होते, मग तेच पेट्रोल भारी पडतं. उंचीचंही तसंच, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, पन्हाळा तीन हजार फुटांच्या वर, गाव बदललं की जेट बदला. म्हणजे मामांनी शनिवारी संध्याकाळी उद्यमनगरच्या उबदार शेडमध्ये लावलेला स्क्रू रविवारी पहाटेच्या गारठ्यात चुकीचाच असणार. हा दोष कुणाचाच नाही. पण पाच-पंचवीस माणसं मफलर गुंडाळून उभी असताना हवेला दोष देणारा माणूस फार केविलवाणा दिसतो.

किक मारली. नाही. परत. नाही.

“प्लग वला आसंल.”

“चोक दे की भावा.”

“चोक दिलाय म्हणूनच वला झालाय. चोक काढ.”

“सर बाजूला, बगू.” हा एक पिळदार दंडाचा पोरगा. त्यानं जॅकेट काढलं, मोबाइल मित्राकडे दिला, आणि किक मारली. गाडीनं बॅक किक दिली. पोरगा एका पायावर नाचत नाचत उसापर्यंत गेला. तिथून ओरडला, “टायमिंग फुडं हाय!” त्यानंतर त्याचा शब्द प्रमाण मानला गेला, ज्याला गाडीनं मारलंय त्याचं कळतं, असा आमच्यात संकेत आहे.

प्लग काढला, पेट्रोलनं धुतला, लायटरनं वाळवला, परत बसवला. तोपर्यंत स्क्रूवर पहिला हात पडलेला होता. पाव आटा आत. पुढच्यानं विचारलं, “किती हाय?” कोणाला ठाऊक? म्हणून पूर्ण पिळून, मोजून, पुन्हा दीड आटा. मग पाव बाहेर. मग दुसऱ्यानं “बाहेर कुणी काढला?” म्हणून अर्धा आत. मामा लांब एका दगडावर बसून हे बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी दुसरीकडे पाहिलं.

किक मारून मारून मी घामाघूम झालो होतो, नेमका तेव्हा आप्पांनी मुद्दा काढला, की पहिली स्क्रॅम्बल, म्हणजे मोटोक्रॉसचं मूळ असलेली, शर्यत १९२४ साली इंग्लंडात कॅम्बर्लीला झाली. किक. तिथून पुढं युरोपनं हा खेळ उचलला. किक. १९५७ साली ५०० सीसीला जागतिक स्पर्धेचा दर्जा मिळाला. किक. आणि बेल्जियमच्या जोएल रॉबेरनं १९६४ साली सीझेडवर २५०चं जगज्जेतेपद मिळवलं तेव्हा तो… “किती वर्षांचा आसंल?” आप्पांनी मला विचारलं. मी किकवर वाकलेला. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते आकडा नव्हता. आप्पा म्हणाले, “वीस.” आणि गाडी सुरू झाली.

ती सुरू झाली म्हणजे जाळ अन् धूर संगटच. निळ्या धुरानं खाण भरली, वासानं दोन-चार जण डोळे मिटून उभे राहिले. (टू-स्ट्रोकच्या धुराचा वास ज्याला आवडतो त्याला डॉक्टर समजावू शकत नाहीत.) उतारावरच्या झाडावरनं बगळे उडाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि लगेच एक जण वाकला. “जरा भारी वाटतीया,” म्हणून त्यानं पाव आटा बाहेर काढला. गाडी बंद पडली.

या माणसाचा मी पुढे फार शोध घेतला. कोणीच कबूल झालं नाही.

शेवटी साडेदहाच्या सुमारास, उन्हं चढून हवेनंच मिश्रण आपोआप आमच्या बाजूनं वळवलं तेव्हा, गाडी पुन्हा चालू झाली आणि मी कोणाला वाकायची संधी न देता निघालो.

एक्स्पान्शन चेंबरची गाडी चालवणं म्हणजे काय ते सांगतो. ती दाबाची लाट एका ठराविक आरपीएमलाच वेळेवर परत येते, त्या टप्प्याला पॉवर बँड म्हणतात. त्याखाली आली तर लवकर-उशिराचा घोळ, गाडीत जीव नाही, मी चालवतोय की ढकलतोय कळत नाही. पहिल्या वळणावर शेळ्या राखणारी एक आजी माझ्याबरोबरीनं चालत होती, “कुटं निगालास?” असंही विचारून झालं. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि पॉवर बँड लागला. पुढचं चाक वर, हात ताठ, टोपी मागे, आजी एकदम लांब. त्या दोन अवस्थांच्या मधे काही नाही. हळूहळू वेग वाढवणे हा प्रकार या गाडीला माहीत नाही.

उडी आली. मुरमाचा उंचवटा, फार नाही, गुडघाभर. पण वेळेला पॉवर बँड लागलेलाच होता. हवेत असताना मला १९७३ आठवलं. त्या साली हाकन अँडरसननं यामाहाच्या मोनोशॉक, म्हणजे मागे एकच शॉकअप असलेल्या, गाडीवर २५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत मोटोक्रॉस गाड्यांच्या मागच्या चाकाची वर-खाली चाल चार इंचांवरून दहा-बारा इंचांवर गेली. ही बातमी माझ्या गाडीपर्यंत पोचलेली नाही. चार इंच. त्यातले दोन माझ्या वजनानंच खर्च झालेले. उरलेले दोन जमिनीला लागताक्षणी संपले, आणि पुढची सगळी चाल माझ्या पाठीच्या कण्यानं दिली.

तरी दुसरा राउंड मारला. तिसराही. सुटलीच होती गाडी! सरळ पट्ट्यावर मूठ पूर्ण पिळली तेव्हा चेंबरमधून जो आवाज निघाला तो ऐकून मामा दगडावरून उभे राहिले. त्यांच्या एका कानासाठी तो पुरेसा होता. त्यांनी हात आडवा करून खूण केली: तसंच बंद कर. पूर्ण रेसमध्ये इंजिन कट, क्लच आवळलेला, गाडी नुसती घरंगळत येऊन थांबली. प्लग बघायचा तर असाच, नाहीतर हळू आल्यावर रंग बदलतो.

मामांनी पान्हा लावला, फडक्यानं धरून गरम प्लग काढला. गर्दी पुढे सरकली. काळा ओला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा फटक म्हणजे कमी आणि पिस्टनचं काही खरं नाही. आमचा आला चॉकलेटी. अगदी सारखा, कडेपासून मधल्या टोकापर्यंत. असा रंग पुस्तकातच असतो.

“मी म्हटलं हुतं, पाव आटा आत.”

“आत? मी भाईर काढल्याव चालू झाली की गाडी!”

“तू भाईर काढल्याव बंद पडली, लेका.”

“ते दुसऱ्यांदा. पयल्यांदा मी…”

उसाजवळून पिळदार दंडाचा पोरगा लंगडत आला. टायमिंगचं श्रेय त्यानं मागितलं. आप्पांनी काडेनचं नाव घेतलं. प्लग एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होता, प्रत्येक जण तो उन्हाकडे धरून बघत होता आणि त्यात आपला पाव आटा ओळखत होता. मी म्हणणार होतो की बाबांनो, हा रंग फुल्ल रेसचा आहे, म्हणजे मेन जेटचा. तो जेट मामांनी शनिवारी टाकला, आज त्याला कोणाचा हात लागलेला नाही, आणि तुमचा तो स्क्रू दिवसभर नुसता गरगर फिरलाय. तोंड उघडलंही.

तेवढ्यात मागच्या बाजूला कुणाची तरी आरएक्स एका किकमध्ये सुरू झाली. सकाळपासून ती बंदच होती. प्लग गेला म्हणून मालक बिचारा कोपऱ्यात बसला होता. आता तो धूर सोडत, एक हात वर करून, पहिल्या वळणावरून आजीला ओलांडून गेला.

सगळ्यांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

“प्लग भारी हाय पण,” आप्पा म्हणाले.

मी गाडी ढकलत टेम्पोकडे निघालो. मागून मामांनी हाक मारली. मला वाटलं सांत्वनाचं काही बोलतील.

“टेम्पोत चढीवताना बघ,” ते म्हणाले, “त्या स्क्रूला धक्का लागला नाय पायजे.”